जी तीन, पी शून्य, ए तीन

९ जानेवारी

चि.

'चि.' लिहिलं आणि सवयीनं हात पुढे 'सौ.' लिहायला गेला. खोडलं. हा तिसरा कागद आहे. आता नुसतं 'चि.' ठेवते. सासू म्हणून माझा काही अधिकार उरला नसला तरी तू सुखानं जगावंस एवढं म्हणायला हरकत नसावी.

फोन तू उचलणार नाहीस. घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे तुझ्या ऑफिसात पाठवते आहे. माझं अक्षर ओळखून न फोडताच टाकशील या भीतीनं पाकिटावरचा पत्ता टाइप केला. एकतीस वर्षं वकिलांकडे टायपिस्ट होते, तेवढी लबाडी जमते.

बातमी अशी की म्हातारपणी मी पुन्हा नोकरीला लागते आहे. घराजवळच्या हॉस्पिटलात डॉक्टर लोक आपले रिपोर्ट बोलून ठेवतात, ते ऐकून टाइप करायचे. माझा वेग बघून तिथल्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "आजी, बोटं झकास आहेत, पण शब्द यायला हवेत." त्यासाठी दोन महिन्यांचा वर्ग आहे. धुलाईखान्याच्या वरची खोली. खाली यंत्रं सुरू झाली की बाकं थरथरतात आणि माझं आधीच किरटं अक्षर आणखी किरटं होतं. आम्ही अकरा जणी आहोत. दहा जणी विशीतल्या, अकरावी मी.

शिकवायला एक निवृत्त नर्स आहेत. सगळ्या त्यांना सिस्टर म्हणतात. माझ्याहून लहानच असतील, पण मला "ए मागची, तू सांग" असं उठवतात. त्यांचं म्हणणं, शब्द पाठ करू नका, भाजी निवडल्यासारखा निवडा. शेवटी 'आयटिस' दिसलं की कुठेतरी दाह. 'एक्टमी' दिसलं की काहीतरी कापून काढलं. 'अल्जिया' म्हणजे दुखणं. मला इतकी वर्षं जिना चढून धाप लागायची, आता डिस्पनिया लागतो. खाजेला प्रुरायटस म्हणतात. एवढं भारदस्त नाव मिळाल्यावर चारचौघांत खाजवायलाही संकोच वाटत नसेल. गुडघ्याच्या वाटीचं नाव पेटेला. माझी डावी पेटेला तुला माहीत आहेच, तूच तिला तेल चोळायचीस.

आज सिस्टरनी फळ्यावर एक शब्द लिहिला. खरं तर त्याबद्दलच लिहायला बसले होते. पण कागद संपला.

— तू जिला आई म्हणायचीस ती


१७ जानेवारी

चि.,

कागद संपला नव्हता. पाठ कोरी होती, तुला दिसलंच असेल.

त्या दिवशी सिस्टरनी फळ्यावर तीन अक्षरं लिहिली, जी, पी आणि ए, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. बायकांच्या केसपेपरवर हे असतंच, म्हणाल्या. जी म्हणजे किती वेळा दिवस राहिले. पी म्हणजे किती वेळा बाळंतपणापर्यंत गेलं. ए म्हणजे अबॉर्शन किती.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "म्हणजे तिनं पाडलेले?"

सिस्टरनी खडू खाली ठेवला. "पाडलेले कुणी सांगितलं? डॉक्टरी भाषेत पाचव्या महिन्याच्या आत गर्भ गेला की ते अबॉर्शन. आपणहून गेला तरी अबॉर्शनच लिहायचं. आपणहून गेला तर स्पाँटेनियस. पोटातल्या पोटात जीव गेला आणि बाहेर आला नाही, तर मिस्ड. ओळीनं तीनदा गेला तर जुने डॉक्टर हॅबिच्युअल लिहितात. यात बाईनं काही केलं असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि हे घरच्यांना नुसतं वाचून दाखवू नका, मारामाऱ्या होतात."

दहाही जणी हसल्या. मी वहीत लिहून घेतलं.

आता तो दिवस. तुला माझ्याहून जास्त आठवत असेल, पण माझ्या बाजूनं कसा होता ते लिहिते. तिसऱ्या वेळी तू हॉस्पिटलातून घरी आलीस. चार दिवस माहेरी न्यायला तुझे बाबा आले होते. तू आत पडली होतीस. औषधाची वेळ बघायला मी तुझी बॅग उघडली, असं तेव्हा म्हणाले होते. औषधं तर उशाशीच होती. तुझ्या बढतीचं पत्र त्याच महिन्यात आलं होतं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळत होता.

कार्डावर होतं, जी तीन, पी शून्य, ए तीन. त्याखाली हॅबिच्युअल अबॉर्शन, आणि खाली इव्हॅक्युएशन. अबॉर्शन हा शब्द मी आयुष्यभर फक्त फिर्यादींच्या कागदांत टाइप केला होता. आणि हॅबिच्युअल? आमच्या वकिलांकडे 'हॅबिच्युअल ऑफेंडर' महिन्यातून चारदा यायचं. सराईत गुन्हेगार. मी दोन्ही शब्द जोडले. मला कुणाला विचारायची गरजच वाटली नाही. इंग्रजी वाचता येणारी घरात मीच मोठी होते ना.

बाहेरच्या खोलीत जाऊन ते कार्ड मी तुझ्या बाबांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "तुमची मुलगी सराईत आहे. तिन्ही तिनंच पाडली. वाचा."

तू दाराला धरून उभी होतीस. "आई, डॉक्टर असंच लिहितात," एवढंच म्हणालीस, आणि मग माझ्या मुलाकडे बघितलंस. तो घड्याळाचा पट्टा सैल करत होता. तुझ्या बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, कार्ड वाचलं, टेबलावर ठेवलं. आणि तुला न घेताच गेले.

पुढच्या आठवड्यात तू तुझी बॅग घेऊन निघालीस. कुठे जातेस असं आम्ही कुणीच विचारलं नाही.

मी चूक होते. हे वाक्य टाइप केलं असतं तर एका दमात झालं असतं. हातानं लिहायला वेळ लागला.

— ती


३० जानेवारी

चि.,

उत्तराची वाट बघत नाही, असं म्हणते आणि पोस्टमनच्या वेळेला खिडकीत उभी राहते.

तू गेल्यावर ते कार्ड दोनदा माणूस पाठवून मागितलं होतंस. हरवलं, असं मी सांगितलं. हरवलं नव्हतं. माझ्या टाइपरायटरच्या पेटीत तळाशी ठेवलं होतं. कोर्टकचेरी झालीच तर पुरावा म्हणून. वकिलाच्या टायपिस्टचं डोकं.

काल ते काढलं, शेजारी वर्गाची वही ठेवली, आणि पहिल्यांदाच सगळं वाचलं. चार वर्षांपूर्वी मी तीनच ओळी वाचल्या होत्या. एकूण चौदा आहेत.

अकरा आठवडे. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके नाहीत. मिस्ड. म्हणजे तू आमच्याबरोबर जेवत होतीस, घराबाहेर पडत होतीस, आणि ते आत कधीच गेलेलं होतं आणि तुला माहीत नव्हतं. इव्हॅक्युएशन म्हणजे जे राहिलं होतं ते काढून गर्भाशय साफ केलं. तसंच राहू दिलं असतं तर सेप्सिस होऊ शकला असता. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून माणसाच्या जिवावर बेततं. हे मला आता पाठ आहे. तुला ताप होता तेही लिहिलं आहे. एकशे एक. त्या तापात मी तुला दारात उभं केलं.

शेवटची ओळ अशी, सल्ला, कॅरिओटायपिंग, बोथ पार्टनर्स. पहिला शब्द सिस्टरना विचारला. त्या म्हणाल्या, रक्तातल्या पेशी घेऊन आतली गुणसूत्रं जोडीजोडीनं मांडून बघतात, कुठे उलटसुलट झालं आहे का. 'बोथ' साठी मला वही लागली नाही.

तो कामावरून आल्यावर मी विचारलं, "तू रक्त दिलं होतंस का?"

"कसलं रक्त?"

मी कार्ड पुढे केलं. त्यानं ते हातात घेतलं नाही. लांबूनच ओळखलं.

"आई, जुनं कशाला उकरतेस?"

"डॉक्टरीणबाईंनी तुला तेव्हा समजावून सांगितलं होतं? ते आपणहून गेलं म्हणून?"

"हो."

"मग त्या दिवशी तोंड का नाही उघडलंस?"

"तू किती चिडली होतीस. तुझ्यापुढे कोण बोलणार? आणि मग पुढचं सगळं ठरूनच गेलं."

ठरून गेलं म्हणे. जसं काही कुणी दुसऱ्यानंच ठरवलं. मी म्हटलं, "चिडायला मी होते, पण बोलायला तू होतास. आणि रक्त द्यायला कुणी अडवलं होतं?" तो काही बोलणार, तेवढ्यात धाकटी आत आली आणि मी कार्ड पदराखाली घेतलं.

त्याला वाचवायला हे लिहीत नाही. मला वाचवायलाही नाही, असं म्हणणार होते, पण त्याची खात्री नाही.

— ती


११ फेब्रुवारी

चि.,

मागच्या पत्रात 'धाकटी' असं लिहून गेले. खोडता आलं असतं. खोडलं नाही.

त्यानं दोन वर्षांपूर्वी दुसरं लग्न केलं. तुला कुणीतरी सांगितलंही असेल. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. बडबडी आहे, हसते खूप, माझ्याशी बरी वागते. तुझ्याबद्दल तिनं एकदाच विचारलं होतं. मी सांगितलं, "तिला मूल नको होतं." हेही तुझ्या खात्यावर माझंच पाप.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी तीन पत्रं फिरून आले.

गेल्या ऑक्टोबरात तिला तिसरा महिना होता. स्वयंपाकघरात माझ्या शेजारी उभी होती, हातात कणकेचा गोळा. म्हणाली, "आई, कसंतरीच होतंय." खाली बघितलं तर फरशीवर रक्त. तिला मीच धरलं, टॅक्सीत मांडीवर मीच घेतलं, आत न्यायच्या क्षणापर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. तिनं काही केलेलं नाही हे मला देव साक्षीला न बोलावता सांगता येईल. दोन दिवसांनी कार्ड मिळालं. वर लिहिलं होतं, अबॉर्शन.

मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून ते वाचलं आणि तिथेच मला सगळं कळलं.

म्हणजे ऑक्टोबरातच. वर्ग डिसेंबरात सुरू झाला. सिस्टरनी फळ्यावर लिहिलं तेव्हा माझे डोळे उघडले, असं मी तुला भासवलं. ते खोटं. शिकल्यामुळे चूक कळली म्हणायला बरं वाटतं. माणूस अडाणी ठरतो, वाईट ठरत नाही.

वर्गात मी का बसले ते सांगते. नोकरीची मला तशी गरज नाही. तिथे कुणीतरी जाणतं माणूस सांगेल अशी आशा होती, की नाही हो, धाकटीचा शब्द वेगळा आणि तुमच्या पहिल्या सुनेचा वेगळा. 'हॅबिच्युअल' हा दुसरा काहीतरी प्रकार असतो. तेवढं ऐकायला मिळालं असतं तर मी वही बंद करून घरी आले असते. त्यासाठी दुखणाऱ्या गुडघ्यानं दोन जिने चढत होते. सिस्टरनी पाच मिनिटांत ती आशा संपवली.

आता तुला मी पुरती दिसले असेन.

— ती


२७ फेब्रुवारी

चि.,

वर्ग संपला. परीक्षेत मी दुसरी आले. मूत्रपिंडाच्या शब्दांत दोन मार्क गेले.

धाकटीचं सांगायचं आहे. तिच्या डॉक्टरीणबाई वेगळ्या. त्यांनी म्हटलं, एखाद्या वेळी असं पुष्कळ जणींना होतं, लगेच तपासण्या नकोत. पण ही मनातून खंगत चालली होती. त्या सकाळी आपण पाण्याची बादली उचलली, त्यानंच झालं, असं तिनं धरून ठेवलं. बादलीला हात लावायची नाही. मी ऐकत होते आणि 'बोथ पार्टनर्स' माझ्या पेटीत पडलं होतं.

रविवारी मी तिच्यापुढे तुझं कार्ड ठेवलं. तुला न विचारता तुझा कागद दुसऱ्यांदा कुणाच्या तरी हातात दिला, याबद्दल हवं ते म्हण. ओळीओळीनं मराठी करून सांगितलं. जी तीन म्हणजे काय, ए तीन म्हणजे काय. मग शेवटची ओळ. मग हेही सांगितलं की तुला मूल नको होतं असं मी म्हणाले होते ते माझ्या मनचं.

तिनं कार्डावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "आई, हे तुमच्याकडे किती वर्षं आहे?"

"चार."

"म्हणजे मला बघायला आलात तेव्हाही होतं."

"होतं."

"आणि यांना माहीत होतं."

"त्याला त्याच्या तोंडावर सांगितलं होतं तेव्हाच्या डॉक्टरीणबाईंनी."

ती उठली, कामाला गेली. संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा तिनं कार्ड त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "उद्या सकाळी लॅबमध्ये जायचं. आधी तुम्ही रक्त द्यायचं, मग मी. तुम्ही नाही दिलंत तर मी तिथूनच माझ्या आईकडे जाईन."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू माझी आई आहेस की हिची?"

मी म्हणाले, "तुझी आहे, म्हणूनच इतकी वर्षं कार्ड लपवलं. आता पुरे."

तो ताटावरून उठला. सकाळी मात्र दोघं गेली. डाव्या कोपराच्या खळीत कापूस चिकटवून घरी आला आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. चहाचा कप हवा असला तरी तिला सांगतो, "आईला सांग." मी समोरच असते.

रिपोर्टला तीन आठवडे लागतील.

— ती


२३ मार्च

चि.,

रिपोर्ट आला. मी तो पाच वेळा वाचला. मग विचार केला, नाही, पुन्हा ती चूक नको, आणि धाकटीच्या डॉक्टरीणबाईंकडेच गेले. तीही बरोबर होती. तो आला नाही.

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. माणसाची गुणसूत्रं जोडीजोडीनं असतात. त्याच्यात दोन वेगवेगळ्या जोड्यांमधल्या एकेकाचे तुकडे आपसांत जागा बदलून बसले आहेत. त्यातलं कमी-जास्त काही झालेलं नाही, म्हणून तो स्वतः धडधाकट. पण मूल होताना निम्मीच पुढे जातात, तेव्हा कधी एक तुकडा कमी पडतो, कधी एक जास्त होतो, आणि गर्भ टिकत नाही. कधी नीट जातात आणि मूल चांगलं होतं. धाकटीचा रिपोर्ट निर्दोष आहे. तुझी तपासणी कुणी केलीच नाही, तेव्हा तुझ्याबद्दल ठामपणे सांगता येणार नाही. पण त्याचा रिपोर्ट बघता तिन्ही वेळचं कारण बहुधा हेच, असं त्या म्हणाल्या. हे तुझ्या कामाचं असेल तर रिपोर्टची नक्कल धाकटीनं तुझ्यासाठी काढली आहे. तिनं आपणहून काढली.

"यात त्यांचाही दोष नाही बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जन्मतःच असतं." मी म्हटलं, "रक्तात दोष नसेल."

मग त्यांनी विचारलं, हे कधीकधी आईकडून किंवा वडिलांकडून येतं, तुम्हाला स्वतःला असं काही झालं होतं का? मी म्हणाले, "नाही."

झालं होतं. दोनदा, त्याच्या आधी. दुसऱ्या वेळी माझ्या सासूबाई आठ दिवस माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. मी ते आयुष्यात कुणाला सांगितलं नाही, त्याच्या वडिलांनीही विषय काढला नाही, आणि होता होता माझाच विश्वास बसला की तसं काही झालंच नव्हतं. तुझ्या तिन्ही वेळी मी हे तुला सांगू शकले असते. तुझ्या उशाशी बसून सांगता आलं असतं. माझं रक्त तपासून घ्यायला हवं. अजून गेलेले नाही.

धाकटी सध्या तिच्या आईकडे आहे. येईन म्हणाली, कधी ते म्हणाली नाही. घरात तो आणि मी. दोन खोल्यांत दोन माणसं, आणि मधे भिंत नसली तरी चालेल इतकी शांतता.

हे पाकीट बंद करणार तेवढ्यात तुझं पत्र आलं. पाच ओळी. पुन्हा इथे उतरवते, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल.

'पत्रं मिळाली. माझी क्षमा मागू नका. तुम्ही जे बोललात ते माझ्या बाबांसमोर बोललात. ते चार वर्षं माझ्याशी बोललेले नाहीत. लिहायचं असेल तर त्यांना लिहा, आणि माझं कार्ड मला परत करा.'

मला वाटत होतं, ते रागानं गेले, पण बाप आहे, महिन्याभरात विरघळला असेल. मी विचारून बघितलं नाही. चार वर्षं तू माहेराशिवाय होतीस हे मला आज कळलं.

त्यांना लिहिणार नाही. समोर बोलले होते, समोरच जाईन.

— ती


२ एप्रिल

चि.,

काल जाऊन आले. बसनं तीन तास.

दार तुझ्या बाबांनीच उघडलं. वाळले आहेत. मला वाटलं, दार लावून घेतील. "विहीणबाई? या," म्हणाले आणि आतून खुर्ची आणली. खोलीत एकच होती. स्वतः पलंगाच्या कडेवर बसले.

मी रस्ताभर जुळवून ठेवलं होतं. शब्द नेमके, क्रम नेमका. सुरुवात केली आणि त्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला. बॉयलरवरच्या नोकरीनं कान खाल्ले. गेल्या वर्षापासून फारच कमी येतं."

मी आवाज वाढवला. मिस्ड अबॉर्शन म्हटलं, गुणसूत्रं म्हटलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते आणि त्यांना काही अर्थ लागत नव्हता. मग माझं सगळं शिक्षण मी बाजूला ठेवलं आणि ओरडून सांगितलं.

"तुमच्या मुलीनं काही केलं नव्हतं. मूल पोटातच गेलं होतं. तिन्ही वेळा. ती खरं बोलत होती. मी कागद चुकीचा वाचला आणि तिच्यावर आळ घेतला."

दार उघडंच होतं. जिन्यात कपड्यांची बादली घेऊन एक बाई चालली होती, ती थांबली. वरून कुणीतरी वाकून बघितलं. ते म्हणाले, "काय? पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी नीट समजलं का हे बघायला स्वतःच एकेक वाक्य म्हणून दाखवलं, आणि मी मान हलवत गेले.

"आणि जावईबापू? त्यांना माहीत होतं?"

"होतं."

त्यांनी पलंगपोसावरची सुरकुती हातानं सारखी केली. मला शिव्या देतील म्हणून मी थांबले होते. मला त्या हव्या होत्या, खरं सांगते.

ते म्हणाले, "ती दारात उभी राहून सांगत होती. मला ऐकू आलं होतं. तेव्हा मला चांगलं ऐकू यायचं."

मी म्हटलं, "मी कागद दिला तुमच्या हातात. तुमचा काय दोष?"

"कागद तुम्ही दिलात. वाचून उठलो मी."

त्यांना पाणी हवं होतं, मी उठून दिलं. त्यांनी विचारलं, "ती कुठे राहते?" मी म्हटलं, "मला फक्त ऑफिस माहीत आहे." त्यांनी उशीखालून एक छोटी डायरी काढली. तुझा नंबर होता त्यात, तुझा हल्लीचा. कुणाकडून तरी घेऊन ठेवला होता, कधी लावला नव्हता. मला म्हणाले, "तुम्ही लावून द्या. माझी बोटं चुकतात."

मी नंबर लावला, घंटा वाजायला लागल्यावर फोन त्यांच्या हातात दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. बादलीवाली बाई सरकून बसली, मला जागा दिली, काही विचारलं नाही.

कार्ड या पाकिटात आहे. मूळ प्रत. मी त्यावर कुठेही काही लिहिलेलं नाही. रिपोर्टची नक्कल मागे लावली आहे. यापुढे तू लिही म्हटलंस तरच लिहीन.

तू फोनवर काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. तुझ्या बाबांचं तेवढं आलं, ते आता मोठ्यानंच बोलतात. पहिल्यांदा बराच वेळ नुसते "हॅलो, हॅलो" करत होते. मग म्हणाले, "रडू नको, मला शब्द कळत नाहीत. सावकाश बोल. मी कुठे जात नाही."

— ती